रडत नाही म्हणून गुणाची: आठव्या दिवशी सुकून आलेल्या बाळाचं प्रकरण

काट्यावर आकडा आला २,३७५ ग्रॅम. सिस्टरने बाळ उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. २,३७५. टेबलावरच्या जन्माच्या कार्डावर २,९०० लिहिलेलं होतं, अक्षर माझंच. आठ दिवसांत ५२५ ग्रॅम गेले होते. टक्क्यांत सांगायचं तर १८.

नवजात बाळाचं वजन पहिल्या तीन-चार दिवसांत उतरतं, ते उतरायचंच. सात टक्क्यांपर्यंत कुणी घाबरत नाही. दहा टक्के ओलांडले की कारण शोधायला लागायचं. आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत बाळ जन्माच्या वजनावर परत यायला हवं. आठव्या दिवशी १८ टक्के खाली म्हणजे त्या बाळाने जन्मल्यापासून जवळपास काही प्यायलेलंच नाही.

आजी मात्र निवांत होती. "चेडू लय गुणाचा हां बाय," ती मला सांगत होती. चेडू म्हणजे मुलगी. "रडना नाय, आपला निजान आसता."

आई-वडिलांना विचारून हे लिहिते आहे. गाव, वाडी, नावं मुद्दाम टाळली आहेत. सिंधुदुर्गातलं तालुक्याचं ठिकाण, मे महिना, दुपारचे साडेतीन, एवढं पुरे.

आई २४ वर्षांची, पहिलं बाळंतपण, ३८ आठवडे पूर्ण. बाळ पायाळू, म्हणून सिझर. ते आमच्याकडेच झालं. चौथ्या दिवशी टाके पाहून घरी सोडलं आणि ती तिथून थेट माहेरी गेली, खाडीपलीकडच्या वाडीत. इथपर्यंत कागदावर काहीच वावगं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर मी लिहिलं होतं, 'स्तनपान चालू'. ते कुणाला विचारून लिहिलं, स्वतः पाहून लिहिलं की सवयीने लिहिलं, हे मला त्या दुपारी आठवेना.

बाळाला घेऊन आली होती माहेरच्या वाडीतली आशाताई. ती शेजारच्या घरी लशीचं सांगायला गेली होती. पडवीत बाळ दिसलं म्हणून झोळीचा काटा काढला आणि वजन केलं. काट्याने २.४ दाखवलं. जन्माचं कार्ड मागितलं, २.९ वाचलं आणि रिक्षा बोलावली. आजी म्हणाली, संध्याकाळी उन्हं कलल्यावर जाऊ. ताई म्हणाली, आत्ता. या सगळ्या प्रकरणात योग्य वेळी योग्य गोष्ट करणारी व्यक्ती एकच, आणि ती डॉक्टर नव्हती.

घरी काय झालं होतं

बाळाला सलाईन लावायची धडपड चालू असतानाच मी आईला प्रश्न विचारत होते. उत्तरं अर्धी तिने दिली, अर्धी आजीने.

सिझरनंतर पहिल्यांदा छातीला लावायला नऊ तास गेले. तोवर कुणीतरी चमच्याने पावडरचं दूध दिलं. आईची बोंडं चपटी होती, बाळाच्या तोंडात नीट येत नव्हती. बाळ दोनदा ओढायचं, सुटायचं, चिडायचं, मग थकून झोपायचं. चौथ्या दिवशी, म्हणजे घरी गेली त्या रात्री, छाती भरून दगडासारखी झाली. आजीने गरम फडक्याने शेकलं. सहाव्या दिवशी छाती हलकी झाली आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला: बाळ नीट प्यायला लागलं.

झालं होतं नेमकं उलटं. छातीत साठलेलं दूध निघालं नाही की शरीर दूध करायचं थांबवतं. छाती हलकी झाली ती दूध बाळाच्या पोटात गेलं म्हणून नव्हे, आटायला लागलं म्हणून. त्यातही एक खोच आहे. पहिल्या एक-दोन दिवसांच्या चिकात मीठ, म्हणजे सोडियम, पुष्कळ असतं. दूध वाढत गेलं की ते झपाट्याने कमी होतं. जिथे दूध उतरतच नाही तिथे ते खारटपण टिकून राहतं. म्हणजे बाळाला दूध मिळतं थोडं, आणि मिळतं तेही खारं. म्हणून आईने जेवणात मीठ कमी करावं असा अर्थ कुणी काढू नये, त्याचा याच्याशी संबंध नाही. आईला पाणी मोजून दिल्यामुळे असं होतं, असंही नाही. बाळंतिणीने पाणी प्यायलं की पोट सुटतं, या समजुतीपायी आमच्याकडे तिला मे महिन्याच्या उकाड्यात तहानलेलं ठेवतात. ते वाईटच आहे, पण दूध आटण्याचं मुख्य कारण ते नाही. दूध निघालं तर दूध येतं.

मग मी लघवीचं विचारलं. "होता की," आजी म्हणाली. किती वेळा? ते कुणी मोजलं नव्हतं. शी कोणत्या रंगाची? काळपट हिरवी, कालपासून नाहीच. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बाळाची शी पिवळी व्हायला हवी. आठव्या दिवशी काळपट म्हणजे पोटातून दूध पुढे सरकलेलंच नाही.

आणि मग आजीने एक गोष्ट सांगितली. ती मी तेव्हापासून प्रत्येक घरी विचारते. बाळाचे लंगोट परसातल्या जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे लाल दगडाच्या कुंपणावर, वाळत घातले होते. गेले तीन दिवस लंगोटावर तांबूस-नारिंगी डाग दिसत होते. आजीला वाटलं गडग्याची माती लागली. तिने लंगोट दोनदा धुतले, मग गडग्यावर आधी फडकं अंथरून त्यावर वाळत घातले. तरी डाग. ते जांभ्याचे नव्हतेच. लघवी इतकी घट्ट झाली होती की तिच्यातले युरिक आम्लाचे खडे कापडावर उतरत होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत असा डाग धडधाकट बाळाच्या लंगोटावरही दिसतो. चौथ्या दिवसानंतर दिसला तर बाळाचं वजन करायचं. कोकणात लाल माती सगळीकडे, त्यामुळे या डागाकडे इथे दुर्लक्ष होणं किती सोपं आहे, हे मला वीस वर्षं इथे काढूनही सुचलं नव्हतं.

सातव्या दिवशी अंग गरम लागलं. आजीला वाटलं उष्णता झाली. तिने झाडावरचं शहाळं उतरवून घेतलं आणि दोन वाट्या पाणी चमच्याचमच्याने पाजलं. मोठ्या माणसाला शहाळं गुणकारी. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ज्या बाळाची मूत्रपिंडं पाण्यावाचून थकली आहेत त्याला ते बाहेर टाकता येत नाही. जास्तीचं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. आजीला मी तेव्हा काही बोलले नाही. तिला जे येत होतं ते तिने केलं होतं.

सुकलेलं बाळ सुकलेलं दिसत नाही

तपासणीत काय मिळालं ते थोडक्यात. ताप ३८.६ अंश सेल्सिअस. हृदयाचे ठोके मिनिटाला १७६. पाय गार. छातीवर बोट दाबून सोडलं तर रंग परत यायला चार सेकंद. तीनच्या आत यायला हवा. टाळू खोल. तोंडात बोट घातलं तर जिभेला चिकटत होतं. रडणं बारीक, मांजराच्या पिलासारखं. कावीळ पायांपर्यंत उतरलेली.

पण पोटाची कातडी चिमटीत धरली तर ती उभी राहिली नाही. हगवणीने सुकलेल्या मुलात राहते, इथे नाही. हाताला ती जाड आणि लिबलिबीत लागली, मोदकाची उकड मळून झाल्यावर लागते तशी. हा स्पर्श एकदा हाताला कळला की विसरत नाही. हगवणीत पाणी आणि मीठ दोन्ही जातात. या बाळाचं पाणी गेलं होतं आणि मीठ मागे राहिलं होतं. रक्तातलं मीठ वाढलं की ते पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. त्यामुळे रक्तवाहिन्या बराच काळ भरलेल्या राहतात, नाडी लागते, कातडी बरी दिसते. सुकलेल्या असतात त्या पेशी, आणि त्यातही मेंदूच्या. बाळ झोपाळू होतं. झोपाळू बाळ दूध मागत नाही. मागत नाही म्हणून मिळत नाही. घरचे म्हणतात गुणाचं आहे.

दुसरी शंका होती जंतुसंसर्गाची. सुस्त, ताप असलेलं, न पिणारं नवजात बाळ पुढे आलं की ती शंका घ्यावीच लागते, वजनाने कारण सांगितलं तरी. रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवलं आणि प्रतिजैविकं चालू केली. आमचं नेहमीचं जेंटामायसिन मुद्दाम टाळलं, कारण मूत्रपिंडं आधीच संकटात होती. कल्चर पुढे निर्जंतुक आलं आणि औषधं थांबवली. तो भाग इथेच संपतो.

रिपोर्ट तासाभरात आले. सोडियम १६६, जे १३५ ते १४५ च्या मध्ये असावं. पोटॅशियम ५.८. युरिया १४८, क्रिएटिनिन १.९, दोन्ही मूत्रपिंडं थकल्याच्या खुणा. साखर ५८. कॅल्शियम ६.८. बिलिरुबिन १८.४. सोडियम आणि युरियाचे आकडे सोबत पाहिले की बाळ किती सुकलं आहे याचा अंदाज येतो.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला पाठवायचं का, हा प्रश्न होताच. पण बाळ शॉकमध्ये, म्हणजे अंगाला पुरेसं रक्त पोचत नसताना, रस्त्यावर काढायचं नव्हतं. शिवाय या आजारात ताशी मिलिलिटरच्या हिशेबात द्रव द्यायचं असतं, आणि हलत्या गाडीत ते नेमकं देणं अवघड. आमच्याकडे सिरिंज पंप होता, इमारतीतच सोडियम मोजणारं यंत्र होतं. कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी फोनवर बोलले. बारा तासांत लघवी झाली नाही किंवा पोटॅशियम वाढलं तर निघायचं, असं ठरवून बाळ ठेवलं.

पाणी द्यायचं, पण हळू

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण चूक इथेच होते, आणि ती घरच्यांकडून नव्हे, आमच्याकडून होते.

आपल्याकडे मिठाच्या खारात घातलेली कैरी सुरकुतते. पावसाळ्यात आमटीत घालायच्या आधी ती गोड्या पाण्यात टाकली की फुगते. मेंदूच्या पेशींचं काहीसं तसंच. रक्त बरेच दिवस खारट राहिलं की पेशी आपल्या आत काही विरघळणारे पदार्थ साठवून उरलंसुरलं पाणी धरून ठेवतात. आता रक्त एकदम पातळ केलं तर पाणी भसाभस आत शिरतं आणि मेंदूला सूज येते. झटके येतात, कायमची इजा होऊ शकते. म्हणजे ज्या बाळाने पाण्यावाचून आठ दिवस काढले ते पाणी घाईने दिल्यामुळे दगावू शकतं. सोडियम तासाला अर्ध्या एककाहून जास्त उतरू द्यायचं नाही, दिवसाला दहा-बारापेक्षा जास्त नाही. १६६ वरून १४५ वर यायचं तर २१ एककं उतरायची. म्हणजे दोन दिवस तरी, जास्त लागले तर चांगलंच.

पण पहिला अर्धा तास याला अपवाद. पाय गार, रंग परत यायला चार सेकंद, हा शॉक. तिथे सोडियमचा विचार करत बसायचं नाही. साधं सलाईन किलोला १० मिलिलिटर, म्हणजे २९ मिली, अर्ध्या तासात दिलं. हिशेब जन्माच्या वजनावर करायचा, आजच्या नाही. गंमत अशी की साध्या सलाईनमध्ये सोडियम १५४ असतं. मोठ्या माणसाला ते खारं, या बाळाला मात्र ते स्वतःच्या रक्तापेक्षा पातळ. पाय उबदार झाले, ठोके १५० वर आले.

त्यानंतर पाच टक्के डेक्स्ट्रोजमधलं, म्हणजे साखरेच्या पाण्यातलं, अर्धं (निम्म्या मिठाचं) सलाईन, ताशी १८ मिली. दिवसाला किलोमागे १५० मिलीच्या आसपास पडतं. पोटॅशियम घातलं नाही. लघवी होईपर्यंत घालायचं नसतं, आणि इथे ते आधीच जास्त होतं. कावीळीसाठी निळा दिवा लावला. त्या दिव्याखालीही अंगातलं पाणी उडतं, तेवढं लक्षात ठेवायचं.

रात्री पावणेदहाला लंगोट ओला झाला. सिस्टरने कोरा लंगोट आधी तोलून ठेवला होता. ओला तोलला, फरक ११ ग्रॅम, म्हणजे ११ मिली लघवी. रंग गडद, डाग तांबूस. मी एवढ्याशा लघवीवर इतकी खूश झालेली पाहून बाळाच्या वडिलांना हसावं की रडावं कळेना.

दहा वाजताचं सोडियम १६१ आलं. सहा तासांत पाच एककं. तीनच्या वर उतरायला नको होतं. माझा पहिला विचार, कबूल करते, असा होता की चला, लवकर बरं होतंय. दुसरा विचार यायला मिनिटभर लागलं. मग द्रव बदललं. अर्ध्या सलाईनऐवजी पूर्ण सलाईनमधलं डेक्स्ट्रोज घेतलं आणि वेग १४ मिलीवर आणला. खारट झालेल्या बाळाला जास्त खारं द्रव द्यायचं, हे वडिलांना समजावणं सोपं नव्हतं. ते खाडीत कोळंबीचा धंदा करतात. त्यांनी स्वतःच तोड काढली: कोळंबीचं पिल्लू एका पाण्यातून दुसऱ्यात टाकताना आधी पिशवी तळ्यात तरंगत ठेवतो, थोडं थोडं पाणी आत घेतो, एकदम ओतलं तर मरतं. मला माझ्या कैरीपेक्षा त्यांची कोळंबी जास्त पटली. तेव्हापासून मी ती वापरते.

एक वाजता बाळाचे हात थरथरू लागले. हात हलकेच धरला की साधी थरथर थांबते, झटका थांबत नाही. धरून पाहिलं, डाव्या हाताचं थांबलं, उजव्याचं थांबेना. बाहेर वळीव कोसळत होता आणि दिवे गेले होते. पंप बॅटरीवर टुकटुकत होता. ग्लुकोमीटरवर साखर ७२. मेंदूला सूज आली का? सोडियम भराभर उतरल्याची भीती डोक्यात होतीच. मग संध्याकाळचा कागद पुन्हा पाहिला: कॅल्शियम ६.८. तो आकडा मी तेव्हाच पाहिला होता आणि सोडियमच्या मागे लागून बाजूला ठेवला होता. सोडियम चढलेल्या बाळांत कॅल्शियम उतरलेलं सापडणं नेहमीचं आहे, पुस्तकात आहे, माझ्या डोक्यातही होतं. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट किलोला २ मिली, तेवढ्याच डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून दहा मिनिटांत, एका हाताने सिरिंज ढकलत, स्टेथोस्कोप छातीवर ठेवून ठोके मोजत दिलं. ठोके कमी व्हायला लागले की थांबायचं. शीर फुटून औषध बाहेर गेलं तर कातडी भाजल्यासारखी जळते, म्हणून सिस्टर टॉर्च धरून शिरेवर नजर ठेवून उभी. वीस मिनिटांत हात शांत झाला.

तो झटका कॅल्शियमचा की भराभर उतरलेल्या सोडियमचा, खात्रीने सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी टाळूवरून सोनोग्राफी केली. मेंदूत रक्तस्राव नव्हता. या आजारात रक्त घट्ट होऊन मेंदूच्या शिरांत गुठळी होऊ शकते, तीही दिसली नाही.

पुढचे आकडे: पहाटे चारला १५९. चोवीस तासांनी १५५. अठ्ठेचाळीस तासांनी १४८. साठ तासांनी १४५. क्रिएटिनिन चौथ्या दिवशी ०.८.

दूध परत आणणं

सोडियमचं यंत्र आहे, पंप आहे. दुधाला यंत्र नाही, आणि या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ दुधात गेला.

बारा तासांनी बाळ जागं राहू लागलं तसं नळीने थोडं थोडं दूध चालू केलं. आईने हाताने काढलेलं पहिलं दूध दोन्ही छातींचं मिळून ८ मिली निघालं. ती वाटीकडे पाहून रडली. आम्ही त्या ८ मिलीत डबाबंद पावडरचं दूध भर घालून पाजलं. स्तनपानाची कड घेणाऱ्यांना हे खटकेल, मलाही पूर्वी खटकायचं. पण आईच्या दुधाची पेढी आमच्यापासून कोसो दूर, आणि उपाशी बाळाला ओढायची ताकद नसते. आधी पोट, मग तत्त्व. मात्र बाटली दिली नाही, नळी सुटल्यावर वाटी-चमचाच. बाटलीच्या निपलची सवय लागलेलं बाळ चपट्या बोंडाला पुन्हा लागत नाही.

बोंडं बाहेर काढायला सिरिंजची जुनी युक्ती वापरली. दहा मिलीची सिरिंज घ्यायची, सुई बसते ते टोक पातीने कापून टाकायचं, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालायचा. मग सिरिंजची मूळची गुळगुळीत कड बोंडाभोवती टेकवून दट्ट्या हळू मागे ओढायचा, अर्धा मिनिट धरायचा, सोडायचा. दिवसातून चार-पाच वेळा, दरवेळी पाजण्याआधी. दुखेपर्यंत ओढायचं नाही. दर दोन-तीन तासांनी छाती रिकामी करायची, रात्रीसुद्धा. रात्र चुकवली तर सकाळी दूध कमी निघतं, हे आईने स्वतः दुसऱ्या दिवशी वाटीत पाहिलं आणि मग गजर लावला.

आणि बाळ छातीला लागताना मी खाली बसून, तिच्या गुडघ्याशी, शेवटपर्यंत पाहिलं. तोंड जांभई दिल्यासारखं उघडलं का, खालचा ओठ बाहेर वळला का, हनुवटी छातीला टेकली का. दोन-तीन ओढींनंतर गिळल्याचा आवाज येतो का. पहिल्या दोन दिवशी आवाज नव्हता. चौथ्या दिवशी आजीनेच सांगितलं, "आता गिळता हां, आयकलय मी." तिचे कान माझ्यापेक्षा चांगले निघाले. तिला घशाचा आवाज ओळखायला लावल्यापासून ती पहारेकरी झाली होती. गुटी बंद झाली, शहाळी आता आईला मिळू लागली.

दाखल झाल्याच्या सहाव्या दिवशी आई एका वेळी ५५ मिली काढत होती. नवव्या दिवशी घरी सोडताना बाळ २,८६० ग्रॅम, पावडरचं दूध बंद. जन्माचं वजन एकोणिसाव्या दिवशी गाठलं. सहा आठवड्यांनी ३,६५०.

राहून गेलेलं

जे निसटलं ते माझ्याच टेबलावरून निसटलं. जन्माच्या दिवशी वजन केलं आणि मग केलंच नाही. चौथ्या दिवशी केलं असतं तर बहुधा नऊ-दहा टक्के उतरलेलं दिसलं असतं आणि मी तिला आणखी दोन दिवस ठेवून घेतलं असतं. 'स्तनपान चालू' हे लिहिणं आणि बाळाला पिताना पाहणं यात पंधरा मिनिटांचा फरक आहे. सिझरची, पहिलटकरीण, चपटी बोंडं, उशिरा लावलेलं बाळ: धोक्याची चारही चिन्हं आमच्या समोरच होती, फक्त कुणी एका ओळीत वाचली नाहीत.

आणखी एक फट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. २०११ पासून देशभर आशाताईंनी नवजात बाळाला घरी जाऊन पाहायचं असतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, प्रत्येक वेळी वजन करायचं. ही कल्पना आपल्याच राज्यातली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि १९९९ साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सातव्या दिवसाची ती भेट याच आजाराच्या बरोबर तोंडावर येते. पण या आईची गरोदरपणातली नोंद सासरच्या आशाताईकडे होती. ती बाळंतीण माहेरी गेली हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने भेट दिली नाही. माहेरच्या ताईच्या वहीत नावच नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, आणि सरकारी वही चालते सासरच्या पत्त्यावर. लशीच्या निरोपासाठी ती ताई शेजारच्या पडवीत नसती तर काय झालं असतं, हे मी पुढे फारसं ताणत नाही.

घरी काय पाहायचं ते आम्ही आता सगळ्या बाळंतिणींना तोंडी सांगतो, कारण कागद वाचला जात नाही. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट ओले, शी पिवळी, बाळ दोन-तीन तासांनी स्वतः उठून दूध मागतंय. चार तास उठलं नाही तर उठवून पाजायचं. तेही जमलं नाही, अंग गरम किंवा गार लागलं, तांबूस डाग दिसला, तर वजन करून आणायचं. पाणी, साखरपाणी, शहाळं, मीठ-साखरेचं पाणी, जीवनरक्षक पावडर यातलं काहीही घरी द्यायचं नाही. त्या पावडरीने हगवणीतली असंख्य मुलं वाचली आहेत, पण या आजारात तिच्यातलं मीठ नको असतं.

डिस्चार्ज कार्डावर आम्ही दोन रकाने वाढवले. एक 'आजचं वजन'. दुसरा 'इथून कुठे जाणार', आणि त्यासमोर तिथल्या आशाताईचा फोन. दुसरा रकाना भरताना रोज गंमत होते. निम्म्या पोरींना माहेरच्या ताईचं नाव माहीत नसतं. मागच्या आठवड्यात एकीने सांगितलं, "नाव नाय म्हायत, पण स्कूटीवरसून येता ती, लाल हेल्मेट घालून." सिस्टरने तेच लिहून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत उपकेंद्राला तीन फोन करून नंबर मिळवला.